सत्तेचाळीस आणि तीन

गेले दोन महिने काही लिहिणे झाले नाही, कारण आमच्या घरात एक मोठे काम निघाले होते. माझ्या पक्षिनोंदीच्या जुन्या वह्या माळ्यावरून खाली आल्या. नातीने त्यांची धूळ झटकली आणि फर्मान काढले, "आबा, या सगळ्या नोंदी आता ई-बर्डवर चढवायच्या. तुम्ही वाचा, मी भरते."

ई-बर्ड म्हणजे काय ते आधी सांगतो. आपण केव्हा, कुठे, किती वेळ थांबलो आणि कोणते पक्षी किती दिसले, हे तिथे लिहायचे. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिशास्त्र प्रयोगशाळेने २००२ मध्ये हे सुरू केले. आता जगभरातले लोक आपापल्या परसातले कावळे-चिमण्या तिथे नोंदवतात. जुन्या वह्याही चालतात. आकडा लिहिलेला नसेल तर नुसती फुली टाकायची, म्हणजे 'दिसला होता' एवढी नोंद होते.

पहिली यादी आमच्या नाशिकच्या अंगणातलीच केली. बुलबुल २, साळुंकी ४, शिंजीर १, दयाळ १, शिंपी १, कावळे ६. पंधरा मिनिटांचे काम. शेवटी नातीने फोनवरचा प्रश्न मोठ्याने वाचला, "तुम्ही ओळखलेले सगळे पक्षी या यादीत लिहिले आहेत का? हो की नाही?"

"हो," मी म्हणालो. पण प्रश्न डोक्यातून जाईना. सगळे लिहिले का, हे विचारणारा आज भेटला. न पाहिलेले तर लिहिले नाहीत ना, असे विचारणारा मला १९८६ सालीच भेटला होता. तो माझा विद्यार्थी होता, आणि मी त्याला गप्प बसवले होते. ती गोष्ट सांगायचीच आहे. पण मी पडलो इतिहासाचा शिक्षक, तेव्हा थोडे मागून सुरुवात करतो.

मी तीसेक वर्षे मुलांना शिकवले की १८८५ च्या डिसेंबरात मुंबईत गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले आणि त्यात ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम या निवृत्त इंग्रज अधिकाऱ्याचा पुढाकार होता. पाठ्यपुस्तकात ह्यूमसाहेबांबद्दल तेवढेच होते. हा माणूस त्याच्या काळी हिंदुस्थानातल्या पक्ष्यांचा सर्वांत मोठा जाणकार होता, हे मला फार उशिरा कळले. १८७२ मध्ये त्यांनी 'स्ट्रे फेदर्स' नावाचे नियतकालिक काढले. नावाचा अर्थ, विखुरलेली पिसे. देशभर पसरलेले कलेक्टर, जकात अधिकारी, लष्करातले लोक त्यांना पत्रे पाठवत. आमच्या इथे अमुक पक्ष्याने घरटे केले, तमुक पक्षी यंदा लवकर आला, अशी ती पत्रे. एकट्या माणसाला एवढा मोठा देश पाहणे शक्य नाही, पण प्रत्येकाने आपल्या दारापुढचा तुकडा नीट पाहिला तर सगळा देश पाहून होतो, हे ह्यूमना कळले होते. (पक्षी पाहणे म्हणजे तेव्हा बहुधा बंदुकीने पाडून, कातडे सोलून पेटीत ठेवणे असे, हेही सांगायला हवे. दुर्बीण पुढे आली.)

अनेक वर्षांची टिपणे जमवून ह्यूम हिंदुस्थानातल्या पक्ष्यांवर मोठा ग्रंथ लिहिणार होते. हिवाळ्यात ते सिमल्याबाहेर असताना घरातल्या नोकराने त्या हस्तलिखितांचे गठ्ठेच्या गठ्ठे बाजारात रद्दीच्या भावाने विकून टाकले. ह्यूम खचले. १८८५ मध्ये त्यांनी आपला ऐंशी हजारांच्या आसपासचा कातड्यांचा आणि अंड्यांचा संग्रह ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. त्याच वर्षाच्या अखेरीस ते मुंबईच्या अधिवेशनात होते. आमच्या इतिहासाच्या पुस्तकातले पहिले पान आणि पक्षिशास्त्राच्या वहीचे शेवटचे पान एकाच वर्षातले, हे वाचून मी कितीतरी वेळ तसाच बसून राहिलो होतो.

पुढच्या पिढीचे नाव तुम्हां सर्वांना ठाऊक आहे. सालिम अली दहा-बारा वर्षांचे असताना त्यांनी छर्‍याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कुठली चिमणी, असे मामांना विचारले तर त्यांनाही सांगता येईना. मामांनी मुलाला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलर्ड साहेबांकडे पाठवले. ही संस्था १८८३ मध्ये मुंबईत स्थापन झालेली. साहेबांनी ती पीतकंठी चिमणी ओळखली आणि पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे खण उघडून मुलाला दाखवले. 'मला माहीत नाही, जाणत्याला विचारू,' असे म्हणणारा मामा त्या मुलाला भेटला, हे मला या गोष्टीत सर्वांत मोलाचे वाटते. सगळ्याच मुलांच्या नशिबी असा माणूस नसतो.

सालिम अलींची दुसरी गोष्ट माझ्या अधिक आवडीची, कारण ती घराच्या अंगणात घडलेली आहे. १९३० साली ते जर्मनीहून शिकून आले तेव्हा त्यांना नोकरी नव्हती. अलिबागजवळ किहीमला एका घरात ते राहायला गेले. घराशेजारच्या झाडावर सुगरणींची वसाहत होती. तिथे शिडीवर आडोसा करून ते रोज तासन् तास बसत आणि काय दिसते ते लिहीत. त्यातून कळले की घरटे विणतो तो नर. अर्धे झाले की माद्या येऊन तपासतात. एखादीला पसंत पडले की ती त्यात राहते, नर ते पुरे करतो आणि दुसऱ्या घरट्याला लागतो, दुसऱ्या मादीसाठी! आपल्या भाषेने ज्या कारागिराला 'सुगरण' म्हटले तो नर निघाला. बहिणाबाईंनी तिच्या खोप्याचे जे कौतुक केले ते काव्य म्हणून अजरामर आहे, त्याला कुठे धक्का लागत नाही. पण शतकानुशतके सगळ्यांच्या डोळ्यांदेखत चाललेली गोष्ट कोणी बसून लिहिली नव्हती, हेही खरेच. त्यासाठी एक शिडी, एक वही आणि बिनकामाचे दोन-चार महिने लागले.

आता माझ्याकडे येतो. माझी नोकरी निफाड तालुक्यातल्या एका खेड्यात गेली. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर इंग्रजांच्या काळात, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, नांदूर मधमेश्वरचा बंधारा बांधला गेला. हेतू होता कालव्यांना पाणी देण्याचा. पण नदी नुसते पाणी आणत नाही, गाळही आणते. वर्षानुवर्षे गाळ साठत गेला, पाण्यात बेटे झाली, पाणथळ झाली, लव्हाळी माजली, आणि पाटबंधाऱ्याच्या हिशेबात जो तोटा होता तो पक्ष्यांच्या हिशेबात नफा ठरला. थंडीत तिथे हजारोंनी पाखरे उतरू लागली. सालिम अलींनी या जागेला महाराष्ट्राचे भरतपूर म्हटल्याचे आमच्याकडे अभिमानाने सांगतात. १९८६ मध्ये तिथे अभयारण्य जाहीर झाले, आणि २०२० च्या जानेवारीत ते महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झाले.

माझ्या वर्गातली मुले गुरांमागे, मोटारीच्या पंपापाशी, बांधावर दिवस काढणारी. त्यांना पक्षी माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होते, फक्त पुस्तकातली नावे नव्हती. आणि आपली मराठी नावे काय सुंदर आहेत! काळ्या अंगावर कपाळी पांढरा टिळा लावलेला तो वारकरी. चोचीवर पिवळे टोक आणि तांबडे ठिपके असलेले ते हळदीकुंकू बदक. काटकुळ्या लांब लाल पायांचा शेकाट्या. चमच्यासारख्या चोचीचा चमच्या. मुलांना हे शिकवताना मला कधी कष्ट पडले नाहीत. एकदा ऐकले की नाव आणि पक्षी कायमचे जोडले जात.

आम्ही वर्गाची एक नोंदवही केली. नियम मीच घातला होता. एकाने पाहून भागणार नाही, दोघांनी पाहिलेला पक्षीच वहीत चढेल. तारीख आणि जागा लिहायची. या नियमापायी मुले भांडत, एकमेकांना पहाटे उठवून बंधाऱ्यावर नेत. वर्षभरात सत्तेचाळीस पक्षी झाले. खेड्यातल्या शाळेच्या मानाने थोडे नव्हते.

त्याच सुमारास शाळेची तपासणी लागली. अभयारण्याची चर्चा ताजी होती, म्हणून 'आमच्या परिसरातील पक्षी' असा मोठा तक्ता करायचे ठरले. रात्री कंदिलाच्या उजेडात मी तक्ता लिहायला बसलो. सत्तेचाळीस हा आकडा मला लंगडा वाटला. पन्नास कसे भरल्यासारखे वाटते! मी पुस्तक उघडले आणि तीन नावे उचलली. स्वर्गीय नर्तक, हरियाल आणि नवरंग. असतीलच की कुठेतरी, कोण पाहायला जातो, असे मनाशी म्हणालो. अक्षर माझे चांगले होते. पन्नासावा नवरंग मी जांभळ्या शाईने काढला.

सकाळी तक्ता भिंतीवर लागला. सातवीतला एक मुलगा त्याच्यासमोर बराच वेळ उभा राहिला. मग म्हणाला, "सर, नवरंग कोणी पाहिला?"

मी म्हणालो, "पुस्तकात आहे."

"पण आपल्या वहीत नाही. दुसरं कोण होतं पाहायला?"

माझाच नियम त्याने माझ्यापुढे धरला होता. मी त्याला काय म्हणालो ते लिहायची आज लाज वाटते. "फार शहाणा झालास. जागेवर बस." तो बसला. साहेब आले, तक्ता पाहून खूश झाले, शेरा चांगला मिळाला. त्या मुलाने त्यानंतर वर्गाच्या वहीत एकही पक्षी लिहून आणला नाही. ते मला दिसत होते. मी विचारले नाही.

इथे गोष्ट संपली असती तर मी ती कदाचित विसरलोही असतो. पण काही वर्षांनी शाळेची स्मरणिका निघाली आणि तीत ती पन्नासांची यादी छापली गेली. त्यानंतर आणखी काही वर्षांनी एक तरुण मुलगा त्या पानाची झेरॉक्स घेऊन माझ्या घरी आला. पक्ष्यांचा अभ्यास करत होता. म्हणाला, "सर, दोन पावसाळे झाले, नवरंग शोधतोय. तुम्हांला नेमका कुठे दिसला होता?"

खरे बोलायची ती वेळ होती. मी चहा पुढे केला आणि म्हणालो, "ओढ्याकाठी झाडी होती हो पूर्वी. आता ती राहिली नाही."

त्याने मान हलवली आणि वहीत लिहून घेतले. काय लिहिले असेल ते मला बसल्या जागी कळले. नवरंग, पूर्वी होता, झाडी तुटल्यामुळे नाहीसा झाला. जो पक्षी मी कधी पाहिलाच नव्हता त्याला मी आधी गावात आणले आणि मग गावातून नाहीसेही केले. झाडी तुटली हे खरे होते, म्हणून तर खोटे इतके सहज खपले.

पुढे वाचनात एक प्रकरण आले आणि माझे कान गरम झाले. गंमत अशी, की त्याची सुरुवात ह्यूमसाहेबांच्याच 'स्ट्रे फेदर्स'मध्ये आहे. त्यांनी १८७३ मध्ये एका नव्या छोट्या घुबडाचे वर्णन केले. तो आपला रानपिंगळा. नेहमीच्या ठिपकेदार पिंगळ्याचा चुलतभाऊ, पण अंगाने दणकट, डोक्यावर ठिपके जवळजवळ नाहीतच. त्या काळी खानदेशात इंग्रज सरकारच्या नोकरीत असलेल्या जेम्स डेव्हिडसन यांनी शहादे-तळोदे भागातून त्याचे काही नमुने मिळवले. १८८४ नंतर मात्र हा पक्षी कोणाला सापडेना. अपवाद एकच. रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहात एक नमुना होता आणि त्याच्या चिठ्ठीवर लिहिले होते, १९१४, मांडवी, गुजरात. एवढ्या मोठ्या नावाच्या माणसाची चिठ्ठी, तिच्यावर कोण शंका घेणार? 'शेवटचा पक्षी कुठे मिळाला' या प्रश्नाचे उत्तर म्हणून तीच पुढे होत राहिली.

अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी हे नमुने बारकाईने तपासले. क्ष-किरणांखाली आतली शिवण आणि भरण पाहिली. १९१४ चा म्हटलेला तो नमुना मुळात डेव्हिडसन यांनी तयार केलेला निघाला. माइनर्ट्झहागेनने तो म्युझियममधून चोरून, नव्याने भरून, स्वतःची चिठ्ठी लावली होती. मग ती खोटी चिठ्ठी बाजूला सारून रासमुसेन आणि त्यांचे दोन सहकारी, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट, खऱ्या जुन्या नोंदींच्या जागा धुंडाळत निघाले. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सकाळी शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, एका उघड्या फांदीवर रानपिंगळा बसलेला दिसला. एकशे तेरा वर्षांनी! (शहादे तेव्हा धुळे जिल्ह्यात होते, नंदुरबार जिल्हा पुढच्या वर्षी झाला.) त्यानंतर तो मेळघाटात, तोरणमाळला आणि २०१४ मध्ये मुंबईपासून जवळच्या तानसा अभयारण्यातही सापडला.

या गोष्टीत दोन माणसे आहेत. एकाने जे मिळाले ते जिथे मिळाले तिथलेच म्हणून लिहिले, आणि शंभर वर्षांनी ती नोंद माणसांना बरोबर जागी घेऊन गेली. दुसऱ्याने मोठेपणासाठी एक ओळ खोटी लिहिली. मी कोणाच्या पंगतीला बसलो होतो हे मला कोणी सांगायला नको होते. माझा गुन्हा लहान, एका खेड्यापुरता. पण जात तीच.

आज या नोंदींचे काय होते तेही पाहा. २०२३ मध्ये 'भारतातील पक्ष्यांची स्थिती' हा अहवाल आला. त्यासाठी सुमारे ३० हजार पक्षिनिरीक्षकांच्या ३ कोटींवर नोंदी वापरल्या गेल्या आणि ९४२ जातींचा विचार झाला. कोणते पक्षी कमी होत आहेत, कोणते टिकून आहेत, हे त्यातून ठरते. यातले बहुतेक लोक माझ्यातुमच्यासारखेच, गच्चीत, तळ्याकाठी उभे राहणारे. तिथे दुर्मीळ पक्ष्याइतकीच रोजच्या साळुंकीचीही किंमत आहे. आणि त्याहून मोठी गोष्ट, न दिसलेल्याचीही किंमत आहे. तुम्ही सगळे ओळखलेले पक्षी लिहिलेत आणि त्यात चिमणी नाही, तर 'आज इथे चिमणी दिसली नाही' ही सुद्धा नोंदच झाली. नातीच्या फोनवरचा तो प्रश्न त्यासाठीच असतो. रिकामी जागा रिकामी ठेवणे, एवढे साधे काम मला १९८६ मध्ये जमले नव्हते.

तर मंडळी, वर्गाच्या वहीतल्या नोंदी आम्ही तारखेवार भरल्या. बहुतेक ठिकाणी फुल्या, काही ठिकाणी मुलांनी मोजलेले आकडे. सत्तेचाळीस जाती झाल्या. नातीने स्मरणिका पाहिली होती. तिने विचारले, "आबा, इथे पन्नास आहेत, तीन राहिले का?" मी तिला सगळे सांगितले. ती काही बोलली नाही. फक्त "बरं" म्हणाली आणि पुढचे पान उलटले.

मग मी त्या विद्यार्थ्याला फोन लावला. त्याची आता द्राक्षबाग आहे, मुले मोठी झाली आहेत. अडखळत का होईना, मी म्हणालो, "तू तेव्हा बरोबर विचारलं होतंस. नवरंग कोणीच पाहिला नव्हता. मी तुला उगीच बसवलं."

पलीकडे जरा वेळ काहीच आवाज नाही. मग तो हसला. "सर, मला माहीत होतं ना. मी घरच्या वहीत सत्तेचाळीसच उतरवले होते."

म्हणजे हा लिहीत होता! वर्गात बंद केले, पण घरी लिहीत होता. मी विचारले, "पुढे चालू ठेवलंस का?" तर म्हणाला, "बागेतले असतात थोडे थोडे. या एकदा थंडीचे, दाखवतो."

तो झेरॉक्स घेऊन आलेला तरुण मात्र मला सापडलेला नाही. त्याचे नाव मी तेव्हा लिहून ठेवले नाही, पत्ता घेतला नाही. आता तोही पन्नाशीकडे झुकला असेल. हे त्याच्या वाचनात आले तर त्याने आपल्या वहीतली ती ओळ खोडून टाकावी. ओढ्याकाठी झाडी होती, ती तुटली, एवढे खरे आहे. नवरंगाचे मला काही ठाऊक नाही.

असो. आजची सकाळ, सात ते सव्वासात. बुलबुल २, साळुंकी ३, शिंजीर १, कावळे ५, तांबटाचा नुसता आवाज. दयाळ आला नाही.